सकाळी सापळा रिकामा: पतंग आलेच नाहीत, की येऊन गेले?

पतंग, म्हणजे रात्री दिव्यावर येणारे मॉथ, बघायचे तर संध्याकाळी दिवा लावायचा, बादलीत अंड्यांचे कागदी ट्रे रचायचे, वर नरसाळं बसवायचं आणि झोपायला जायचं. सकाळी डोळे चोळत झाकण उघडावं, तर आत दोन डास, एक भुंगेरा आणि ट्रेच्या खाचेत पडलेलं एखादं सुटं पंख.

एखाद्या दिवशी असं झालं तर हवामानाला बोल लावून मोकळं होता येतं. पण वसंतात झाडांना नवी पालवी फुटलेली असते, पानांना कुरतडल्याच्या खुणा दिसत असतात, म्हणजे अळ्या आहेत आणि अळ्यांचे आईबापही असणारच. तरी आठवड्यामागून आठवडे सापळा कोराच. पहिल्या वर्षी मी याला इतकी वैतागले होते की सापळा माळ्यावर टाकून फक्त पक्षी बघायचे, असं ठरवून टाकलं होतं. नव्यानं सुरुवात करणारे हाच प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहिते.

एक खुलासा आधीच करते. शेतात कीड मारण्यासाठी जो प्रकाश सापळा लावतात, त्याच्या खाली साबणाचं पाणी असतं. आपला सापळा जिवंत पतंगांसाठी आहे: बघायचे, फोटो काढायचे, नोंद करायची, सोडून द्यायचे. म्हणून तर रिकामेपणाचा प्रश्न इथे जास्त भेडसावतो. पाण्यात पडलेला पतंग सकाळपर्यंत तिथेच असतो, ट्रेवर बसलेला असेलच असं नाही.

वैतागून मी जे केलं तेच बहुतेक जण करतात. जास्त वॉटचा दिवा आणला. रिकाम्या सापळ्यावर जास्त उजेड पडू लागला, एवढाच फरक.

आधी एकदा रात्री उठा

रिकाम्या सापळ्यामागे तीन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात आणि तिघींचा इलाज वेगळा. पतंग आलेच नसतील. किंवा आले असतील, पण आत न पडता आजूबाजूला बसून पहाटे उडून गेले असतील. किंवा भरपूर आले असतील आणि तुम्ही उठायच्या आत कुणीतरी ते फस्त केले असतील. सकाळी सातला झाकण उघडणाऱ्याला तिन्ही सारखंच दिसतं. त्यामुळे दिवा बदलणं, जागा बदलणं, कुणाला तरी विचारणं, हे सगळं नंतर. आधी एक रात्र जागून काढा.

तीन वेळा बघायचं. पूर्ण काळोख पडल्यावर दीडेक तासानं, मग रात्री दोनच्या सुमाराला, आणि शेवटी पूर्वेला फटफटायच्या आधी. प्रत्येक वेळी सापळ्याच्या आतले आणि बाहेरचे असे वेगवेगळे मोजा. जाती ओळखू आल्या नाहीत तरी चालेल, नुसते आकडे पुरेत. तिन्ही वेळा शून्य आलं तर दिवा, जागा किंवा रात्र यांपैकी कशात तरी खोट आहे. बाहेर खूप आणि आत थोडे असतील तर सापळ्याच्या बांधणीकडे बघा. आणि दोन वाजता गर्दी, सकाळी सामसूम, असं असेल तर तुमच्याकडे चोर आहे.

मला हे शहाणपण ठरवून सुचलेलं नाही. एका रात्री पावसाची भुरभुर सुरू झाली, एक्स्टेंशन बोर्ड उघड्यावर राहिल्याचं आठवलं, म्हणून अडीच वाजता धावत बाहेर गेले. मागच्या भिंतीवर, सापळ्यामागच्या पडद्यावर, बादलीच्या कडेला मिळून एकेचाळीस पतंग. मी बोर्ड आत घेतला, खूश होऊन झोपले. साडेसहाला तीन उरले होते.

चोर कोण, ते पंखांवरून कळतं

पुढच्या वेळी पावणेपाचला दुर्बीण घेऊन काळोखात बसले. मनात पालीचा संशय होता. रंगही धड ओळखू येत नव्हते अशा उजेडात पहिला आला तो दयाळ. शेपटी उभारून भिंतीच्या कठड्यावर क्षणभर थांबला, सरळ पडद्यावर झेपावला, एक जाडजूड पतंग उचलून जमिनीवर दोनदा आपटला. पंख गळून पडले. उरलेला ऐवज चोचीत धरून तो झुडपात गेला आणि मिनिटभरात परत आला. मग मादी आली. चोचीत धरून नेतात, गिळत नाहीत, म्हणजे आत कुठेतरी पिल्लं होती. थोडं उजाडल्यावर दोन बुलबुल आले. वीस मिनिटांत भिंत साफ झाली, आणि दयाळ तारेवर बसून गळा काढून गाऊ लागला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी ऐकल्या. त्या सकाळी माझी पक्ष्यांची यादी झकास झाली, पतंगांची कोरी.

पक्ष्यांना यात दोष देता येत नाही. मोठेपणी दाणे खाणारे पक्षीसुद्धा बहुतेक करून पिल्लांना किडे-अळ्याच भरवतात, कारण वाढत्या पिल्लाला प्रथिनं लागतात. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या वायथम वुड्स या जंगलात ग्रेट टिट पक्ष्यांचा अभ्यास 1947 पासून अखंड चालू आहे. तिथे हे फार स्पष्ट दिसतं. ओकच्या झाडावर विंटर मॉथ नावाच्या पतंगाच्या उंटअळ्या ज्या दिवसांत भरात असतात, त्याच दिवसांत पिल्लं सर्वांत भुकेली असावीत, अशा बेतानं हे पक्षी अंडी घालतात. वसंत लवकर आला की अंडीही लवकर. ज्या पक्ष्याचं सगळं वेळापत्रक अळ्यांवर बेतलेलं आहे, त्याला रोज एकाच कोपऱ्यात, एकाच वेळी, थंडीनं गारठलेले तीसचाळीस पतंग मांडून ठेवलेले मिळाले तर तो ती जागा विसरेल कशाला? एकदोन सकाळीच पुरतात. कुठे रॉबिन, कुठे टिट, कुठे कोतवाल, पक्षी बदलतो. कोतवाल तर दिव्याजवळ तिन्हीसांजेलाच येऊन बसतो.

उपाय साधा आहे, पण झोपेच्या मुळावर येणारा आहे. पहिला पक्षी बोलायच्या आत सापळ्यापाशी पोचायचं. वसंतात पक्ष्यांचा पहाटेचा गजर सूर्योदयाच्या तासभर आधीही सुरू होतो, तेव्हा घड्याळात सूर्योदयाच्या सव्वा तास आधीचा गजर लावा. गेल्यावर आधी बाहेर बसलेले, म्हणजे भिंतीवरचे, गवतातले, खांबावरचे पतंग छोट्या पारदर्शक डब्यांत घ्या. आतले सुरक्षित असतात, त्यांची घाई नाही. मग नरसाळ्याच्या तोंडावर कापड टाकून अख्खी बादली सावलीत, थंड जागी नेऊन ठेवा. गारव्यात पतंग तासन् तास शांत बसतात. आता पक्षी बघायला खुशाल जा, परत येऊन निवांत नोंदी करा. मी हा क्रम लावल्यापासून दोन्ही छंदांचं भांडण मिटलं. पूर्वी सापळा उघडत बसायचे आणि पक्ष्यांची सगळ्यात चांगली वेळ निघून जायची.

याहून महत्त्वाचं म्हणजे एकाच जागी रोज सापळा लावू नका. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, आणि शक्यतो जागा बदलून. यात पक्ष्यांना सवय लागत नाही हा एक फायदा, आणि काल सोडलेलेच पतंग आज पुन्हा मोजले जात नाहीत हा दुसरा. पतंगांच्या दृष्टीनंही ते बरं, कारण सापळ्यात काढलेली रात्र म्हणजे जोडीदार शोधायची आणि अंडी घालायची एक रात्र वाया गेलेली असते.

सोडतानाही चोरीला वाव राहतो. बादली उलटी करून पतंग झटकून टाकणं हा शुद्ध आळस आहे. पतंगाला उडण्याआधी पंखांचे स्नायू थरथरवून अंग तापवावं लागतं, आणि गार सकाळी त्याला मिनिट-दोन मिनिटं सहज लागतात. तेवढ्यात तो उचलला जातो. दाट झुडपात, पानांच्या खालच्या बाजूला, सापळ्यापासून दूर एकेक ट्रे हलकेच टेकवा. सगळ्यात उत्तम म्हणजे दिवसभर सावलीत ठेवून तिन्हीसांजेला सोडा.

पक्षी दिसले नाहीत आणि तरी पतंग कमी होत असतील, तर जमिनीवर काय पडलंय ते बघा. अख्खे, सुटे पंख विखुरलेले असतील तर पक्षी. पंखांचा ढीग छपराच्या कडेखाली किंवा एखाद्या फांदीखाली एकाच जागी असेल तर वटवाघूळ, कारण काही वटवाघळं सावज ठरलेल्या जागी नेऊन लटकून खातात. पंखही नाहीत आणि पतंगही नाहीत, फक्त एका टोकाला पांढरा ठिपका असलेल्या काळ्या लेंड्या: पाल. ती बहुतेक वेळा आख्खा गिळते. ट्रेवर तुकडे-तुकडे आणि एक हलणारी रांग दिसली तर मुंग्या, आणि त्यांचा बंदोबस्त जुनाच. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. जमिनीवर ठेवलेल्या बादलीला तर कुणीही येतं. एकदा माझ्या दिव्याखाली एक बेडूक इतका स्वस्थ बसला होता की त्याला हलवताना मलाच अपराधी वाटलं.

आलेत, पण आत नाहीत

दिव्याखाली अंधार ही म्हण इथे शब्दशः खरी आहे. हेडटॉर्च लावून सापळ्याच्या भोवतालची दोन-तीन मीटर जागा चाळून बघा. गवताच्या पात्यांच्या उलट्या बाजूला, बादलीच्या सावलीत, भिंतीच्या भेगेत, शेजारच्या झाडाच्या सालीवर पतंग सापडतील. कित्येकदा निम्म्याहून जास्त पतंग बाहेरच असतात.

असं का होतं, याचं चांगलं उत्तर 2024 मध्ये मिळालं. पतंग चंद्राकडे बघून दिशा धरतात आणि दिव्याला चंद्र समजून फसतात, असं आपण लहानपणापासून ऐकलं. इम्पीरियल कॉलेज लंडन आणि फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्यांनी कीटकांची उड्डाणं टिपली, तेव्हा दिसलं की कीटक दिव्याकडे झेपावत नाहीत, त्याच्याकडे पाठ करतात. रात्री उजळ बाजू म्हणजे आकाश, आणि पाठ आकाशाकडे ठेवली की आपण सरळ उडतोय हे कळतं, असा त्यांचा कोट्यवधी वर्षांचा हिशोब. जवळ दिवा आला की ते पाठ दिव्याकडे वळवतात, त्या नादात कलंडतात आणि गोल फिरत राहतात. उजेड खालून आला तर उलटे होऊन चक्क आपटतात. सगळेच मात्र नाहीत. कण्हेरीवर वाढणारा ओलिएंडर हॉकमॉथ या प्रयोगात दिव्यावरून सरळ निघून गेला.

सापळ्यासाठी याचा अर्थ असा की दिव्याभोवती घिरट्या घालणाऱ्याला अडवायला काहीतरी लागतं. दिव्याच्या चारी बाजूंना उभ्या पारदर्शक पट्ट्या असतात त्या त्यासाठीच. पतंग पट्टीवर आपटतो, नरसाळ्यात घसरतो. घरी बनवलेल्या सापळ्यात या पट्ट्या आखूड असतात किंवा नसतातच. दिव्याच्या टोकापेक्षा त्या जरा उंच असाव्यात. नरसाळ्याचा आतला पृष्ठभाग गुळगुळीत हवा. खरखरीत असला तर पतंग तिथेच पाय रोवून बसतो आणि पहाटे वर चालत निघून जातो. भोक फार रुंद असलं की आत पडलेले बाहेर येतात, फार अरुंद असलं की मोठे पतंग आत जातच नाहीत. बादलीत अंड्यांचे ट्रे ठेवायला कुणी विसरू नये. लपायला खाचा मिळाल्या की पतंग तिथे गपगार बसतात, नाहीतर रात्रभर फडफडून पंखांवरचे खवले झडतात आणि सकाळी ओळखणं अवघड होतं.

बांधणीचे नमुने जुने आणि पारखलेले आहेत. रॉबिन्सन बंधूंनी 1950 मध्ये मांडलेला मर्क्युरी, म्हणजे पाऱ्याच्या वाफेच्या, दिव्याचा गोल सापळा पतंग धरून ठेवण्यात अजूनही वरचढ मानतात. जॉन हीथ यांच्या नावाचा घडीचा सापळा बारक्या ट्यूबवर आणि बॅटरीवर चालतो, उचलून कुठेही नेता येतो, पण त्यातून सुटणारेही जास्त. सुटतात म्हणून तो टाकाऊ ठरत नाही. त्याच्या मागे पांढरी चादर टांगा आणि चादरीवरचे मोजा. खरं सांगायचं तर नवशिक्यानं पहिला हंगाम नुसत्या चादरीवरच काढावा. समोर बसून बघण्यात जे कळतं ते सकाळी बादली उघडण्यात कळत नाही.

खरंच कुणी येत नसेल तर

पहिला संशय दिव्यावर घ्या, पण वॉटवर नको. पतंगांचे डोळे अतिनील, निळ्या आणि हिरव्या प्रकाशाला संवेदनशील असतात, आणि अतिनीलाकडे त्यांचा ओढा मोठा. घरातला पांढरा एलईडी निळ्या चिपवर पिवळसर लेप देऊन बनवलेला असतो, त्यात अतिनील जवळपास नसतंच. म्हणून खोली झगझगीत उजळणारा एलईडी पतंगांच्या लेखी मंद ठरतो. मी आणलेला मोठा दिवा याच जातीचा होता.

दुसरी फसगत जांभळ्या पट्ट्यांची. ‘यूव्ही’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त एलईडी पट्ट्या बहुधा 395 ते 405 नॅनोमीटर तरंगलांबीच्या असतात. त्या आपल्याला चांगल्या जांभळ्या दिसतात, आणि दिसतात यातच त्यांची मेख आहे. आपल्याला हवा 365 नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड, जो आपल्या डोळ्यांना अगदी फिकट वाटतो. पांढरा कपडा चमकला म्हणजे दिवा बरोबर, ही परीक्षा चालत नाही, कारण तो दोन्हींखाली चमकतो. पाकिटावरचा नॅनोमीटरचा आकडा वाचा. आकडाच दिलेला नसेल तर घेऊ नका. ब्लॅकलाइट, म्हणजे अतिनील उजेड देणारी, ट्यूब वापरत असाल तर ती दोन-तीन हंगामांनी बदला. डोळ्यांना तेवढीच पेटलेली दिसते, पण तिचं अतिनील हळूहळू ओसरत जातं.

बॅटरीचं गणित कागदावर फार गोड दिसतं. 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे 84 वॅट-तास. 6 वॅटची ट्यूब त्यावर चौदा तास चालायला हवी. प्रत्यक्षात इन्व्हर्टर आणि चोक आपला वाटा खातात, लेड-अ‍ॅसिड बॅटरी तळापर्यंत उपसली तर लवकर मरते, आणि थंडीत ती आणखी कमी देते. माझी दोन वर्षं जुनी बॅटरी रात्री दीडला मान टाकत होती, आणि सकाळी बटण दाबलं की पाच मिनिटं इमानदारीत पेटायची. त्यामुळे ती बरीच आहे असंच मला वाटत राहिलं. रात्री दोनच्या फेरीत दिवा चालू आहे का, हे बघायला विसरू नका, असं म्हणायचं कारण हेच.

अंधार पडताच आपोआप पेटणाऱ्या सेन्सरबद्दलही थोडं. सेन्सरवर त्याच्याच दिव्याचा उजेड पडला तर त्याला उजाडल्यासारखं वाटतं आणि तो दिवा विझवतो. अंधार झाला की पुन्हा लावतो. रात्रभर हा खेळ चालतो. सेन्सर दिव्याच्या पाठीमागे, आडोशाला बसवा.

मग येते जागा. दिवा मैलभरावरून पतंग ओढून आणत नाही. त्याचा प्रभाव दहा-वीस मीटरपुरता, म्हणजे आधीच जवळून जाणाऱ्यांवर. मोकळ्या, स्वच्छ, गुळगुळीत हिरवळीच्या मधोमध लावलेला सापळा छान दिसतो आणि रिकामा राहतो. कुंपणाची झुडपं, झाडांची कड, ओढ्याचा काठ, तण माजलेला कोपरा, यांच्या लगत ठेवा. वाऱ्याचा आडोसा असावा. रस्त्यावरचा दिवा नजरेच्या टप्प्यात असेल तर भिंतीच्या किंवा झाडाच्या पलीकडे सरका. कधीकधी दहा पावलं सरकून एवढा फरक पडतो की आधीच्या महिन्याची लाज वाटते.

आणि रात्र. ढगाळ, दमट, उबदार, वारा पडलेली रात्र मिळाली तर आमंत्रणं रद्द करून दिवा लावा. थंड प्रदेशात वसंताच्या निरभ्र रात्री तापमान झपाट्यानं उतरतं आणि नऊनंतर हालचालच थांबते. अशा वेळी तिन्हीसांजेचे पहिले दोन तास हेच काय ते. उष्ण प्रदेशात कोरड्या रात्री असाच शुकशुकाट असतो, आणि एक सर पडून गेली की पुढच्या एकदोन रात्रींत चित्र पालटतं. पौर्णिमेच्या आगेमागे आकाश स्वच्छ असेल तर फार अपेक्षा ठेवू नका. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड संशोधन केंद्रात कीटकशास्त्रज्ञ सी. बी. विल्यम्स यांनी 1930 च्या दशकात रात्रीमागून रात्री सापळ्यातले कीटक मोजून हे दाखवलं होतं. चांदण्यात पतंग कमी उडतात, की चांदण्यापुढे दिवाच फिका पडतो, यावर तेव्हापासून वाद आहे. आपल्यापुरतं एवढंच की पौर्णिमेचा शून्य हा सापळ्याचा दोष धरू नये. वहीत तारखेसमोर तापमान, वारा, ढग आणि चंद्र यांची एकेका शब्दाची नोंद असली की असे शून्य ओळखू येतात.

दहा वाजता दिवा बंद करून झोपणाऱ्यांना एक आठवण. सगळे पतंग एकाच वेळी येत नाहीत. काही अगदी संध्याकाळी येतात, आणि मोठे रेशीमपतंग बऱ्याचदा मध्यरात्र उलटल्यावर. शेजाऱ्यांच्या खिडकीत उजेड जात असेल तर दिवा विझवण्याऐवजी त्या बाजूला जाड पुठ्ठा उभा करा. वरही झाकण असू द्या. बहुतेक छोटे स्थलांतरी पक्षी रात्री प्रवास करतात आणि आकाशात जाणारा तीव्र उजेड त्यांना गोंधळात टाकतो. आपली ट्यूब त्या मानानं किरकोळ, पण वर गेलेल्या उजेडाचा आपल्यालाही काही उपयोग नसतो. जवळ घरटं असेल तर मात्र त्या हंगामात ती जागा सोडाच.

दिव्याला न जुमानणारे

सगळं बरोबर करूनही काही पतंग कधीच येणार नाहीत. वर ज्याच्या अळ्यांचा उल्लेख आला त्या विंटर मॉथच्या मादीला उडण्याजोगे पंखच नसतात. ती खोडावरून चालत वर जाते. ती बघायची तर रात्री टॉर्च घेऊन झाडाची खोडं तपासावी लागतात. युरोपातल्या एम्परर मॉथचा नर वसंतात भर दिवसा उन्हात उडतो, रात्री दिव्यावर दिसते ती मादी. त्याला आणतो गंध. फ्रान्समध्ये कीटकांचे अभ्यासक ज्याँ-आंरी फाब्र यांच्या घरी ग्रेट पीकॉक मॉथची एक मादी कोषातून बाहेर आली. त्यांनी तिला जाळीखाली ठेवलं, आणि त्याच रात्री काळोखातून चाळीसेक नर खोल्यांमधून फडफडू लागले. अशी मादी कोषातून निघाली तर जाळीच्या पिंजऱ्यात झाडाला टांगून बघा, दिव्याची गरज पडत नाही.

आणखी काही पतंग गोडाला भुलतात. काकवीत अति पिकलेलं फळ कुस्करून, थोडं आंबू देऊन, तिन्हीसांजेला खोडावर छातीएवढ्या उंचीवर फासा आणि टॉर्चवर लाल कागद लावून दर अर्ध्या तासानं फेरी मारा. रेशीमपतंगांवर हे चालत नाही. प्रौढपणी त्यांना कामाची सोंडच नसते.

ऐकू येतात, दिसत नाहीत

पहाटे उठायला लागल्यावर दुसरी तक्रार सुरू होते: पक्षी कानठळ्या बसेपर्यंत गातात आणि एकही दिसत नाही. पालवी दाट झाली की हे होणारच. पालवी फुटायच्या आधीच्या आठवड्यांत नेहमीचे आवाज आणि ते काढणारे पक्षी यांची जोडी मनात बसवून ठेवली असती तर बरं, पण आता वेळ गेली असेल तर चालणं थांबवा आणि एका जागी वीस मिनिटं बसा. पानांत शोधू नका, हलणारी डहाळी शोधा. दुर्बीण नंतर. आवाज ओळखणारी अ‍ॅप मदत करतात, मर्लिनमध्ये 2021 पासून ही सोय आहे; पण अ‍ॅपनं सुचवलेलं नाव ही नुसती टीप समजा, डोळ्यांनी खात्री झाल्याशिवाय यादीत घालू नका. नकलाकार पक्षी अ‍ॅपलाही बनवतात. आणि मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला समोर बोलवायचं विणीच्या दिवसांत तरी टाळा. तो येतो, कारण त्याला वाटतं हद्दीत प्रतिस्पर्धी शिरलाय, आणि तेवढा वेळ अंडी किंवा पिल्लं वाऱ्यावर राहतात.

विजेचं तेवढं

मर्क्युरी दिव्याची बाहेरची काच फुटली आणि आतला भाग पेटताच राहिला तर लगेच मेन स्विच बंद करा. त्यातून बाहेर पडणारं अतिनील डोळे आणि कातडी भाजतं. फुटलेला नसतानाही त्याच्याकडे थेट बघायचं नाही. तापलेल्या काचेवर पावसाचा एक थेंब पडला तरी ती तडकू शकते, म्हणून वर पारदर्शक छत्र हवं. बादलीच्या तळाला पाणी जायला भोक हवं, त्यावर बारीक जाळी. बाहेर ओढलेली प्रत्येक वायर आरसीसीबीवरूनच (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) घ्या आणि जोड जमिनीपासून वर टांगा.

गांधीलमाश्यांचं मात्र मला अजून जमलेलं नाही. उजाडता उजाडता त्या नरसाळ्यातून आत शिरतात, पतंगाचे पंख आणि पाय कात्रीनं कापावेत तसे कापतात आणि छातीचा तुकडा घेऊन जातात. एक आली की तासाभरात पाच. कापड टाकायला दहा मिनिटं उशीर झाला तर झाकण उघडताना पहिला हात कुठे घालायचा, हाच प्रश्न पडतो. सध्या मी ट्रे काढण्याआधी बादलीवर कान लावून ऐकते. गुणगुण आली तर हात घालत नाही, बादली जाळीत गुंडाळून उघड्यावर नेते आणि एक कड सैल सोडून दूर उभी राहते. त्या निघून जातात, आणि बरोबर चारदोन पतंगही जातात.